रत्नागिरीच्या आसपास सलग चालायच्या वाटा – कुठे आहेत आणि शोधायच्या कशा?

उत्तरेचा_वारा

नोकरीपायी बरीच वर्षं ऑस्लोत काढून आता रत्नागिरीला घरी परतलोय. आईबाबा थकले, बाकी कारणं सगळ्यांची असतात तीच. तिकडची एक सवय मात्र सुटत नाहीये. हिवाळ्यात क्रॉस-कंट्री स्कीइंग करायचो. डोंगरावरून सुसाट खाली येतात ते नव्हे. यात स्की अरुंद आणि हलक्या असतात, बूट फक्त चवड्याशी अडकवलेला, टाच मोकळी, आणि जंगलातून चढउतार करत तासन्‌तास एका लयीत पुढे जात राहायचं. स्की खांद्यावर टाकून मेट्रोत बसायचं, फ्रोग्नरसेटेरेनच्या शेवटच्या थांब्याला उतरलं की नूरमार्काचं जंगल समोरच. यंत्राने बर्फात पाडलेल्या दोन समांतर खाचा, झाडांवर लाल खुणा स्कीच्या वाटेच्या, निळ्या उन्हाळ्यात चालायच्या. काही वाटांवर रात्री दिवेसुद्धा असतात. यंत्र कुठल्या वाटेवरून कधी फिरून गेलं ते फोनवर कळतं.

इथे बर्फ मागत नाहीये, मागितला तर आमचे आंबेवाले शेजारी मला समुद्रात बुडवतील. मला हवंय ते एवढंच: दहा-पंधरा किलोमीटर, डांबर नको, दम लागला तर चालेल पण हात टेकून चढायला नको. कोणालाही विचारलं की किल्ला, धबधबा नाहीतर ‘पॉइंट’ सांगतात. गाडी लावा, फोटो काढा, परत या. फोनवरच्या नकाशात एक डांबरी रस्ता आणि दोन्हीकडे हिरवा रंग, संपलं. वाटा आहेत हे नक्की, शाळेत असताना आजोळी त्यांच्यावरूनच जायचो. पण आता शोधायच्या कशा?

बिनसाखरेचा

चाकांच्या स्की असतात ना उन्हाळ्यात सराव करायला? त्या लावा आणि सागरी महामार्गाला लागा. खड्डे मोफत. (हलकेच घ्या.)

उत्तरेचा_वारा

रोलर स्की माळ्यावर पडल्यात. त्यांना ब्रेक नसतो. समोरून एसटी आली की पुढचं तुम्हीच लिहा.

सड्यावरचा

फार दिवसांनी कामाचा धागा आला. थोडं सविस्तर लिहितो.

फोनवरचा नकाशा आपल्याकडे निरुपयोगी, कारण उपग्रहाला झाडांचे शेंडे दिसतात, खालची वाट दिसत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. त्यांत पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या आहेत. सर्वेक्षण जुनं असल्यामुळे बागांमधून जाणाऱ्या रेषांवर विसंबू नका, तिथे आता तारेचं कुंपण भेटेल. पण दोन वाड्यांना जोडणारी आणि मधे सडा (डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळाचं पठार) ओलांडणारी रेषा दिसली तर ती वाट बहुधा शाबूत असते. कातळावर आंब्याचं कलम लावायचं तर सुरुंग लावून खड्डे पाडावे लागतात, त्यामुळे सडा बराच काळ सुटला.

दुसरा नकाशा भूमी अभिलेखचा, गावनकाशा. त्यात एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, दुहेरी तुटक म्हणजे गाडीवाट. कागदोपत्री पायवाट सव्वाआठ फूट आणि गाडीवाट साडेसोळा ते एकवीस फूट. प्रत्यक्षात दोन गडग्यांच्या (दगड रचून केलेल्या कुंपणांच्या) मधे एक माणूस आणि एक म्हैस जाईल एवढी बोळ असते, पण असते.

आता खरी युक्ती. गावात जाऊन ‘इथे ट्रेल आहे का’ विचारलंत तर लोक तुम्हाला जवळच्या रिसॉर्टचा पत्ता देतील. त्याऐवजी एखाद्या म्हाताऱ्या मानकऱ्याला विचारा, ‘शिमग्यात पालखी खालच्या वाडीतून वर कशी येते?’ पालखीने कुठल्या घरून कुठल्या घरी जायचं हे ठरलेलं असतं, आणि तो क्रम डांबरी रस्ता येण्याच्या आधीचा आहे. आता पुष्कळ गावांत पालखी रस्त्याने नेतात हे खरं, पण जुनी वाट मानकऱ्याला तोंडपाठ असते. साकव (छोटा पूल) कुठे, घाटी (चढणीची वाट) कुठे, पऱ्या (ओढा) कुठे ओलांडायचा, कुठल्या बेड्यातून (आडव्या वाशांच्या फाटकातून) आत शिरायचं, सगळं सांगेल. वर ‘आता कोण जातंय त्या वाटेने’ हेही सांगेल. मग तुम्ही जायचं.

रत्नागिरीजवळ सुरुवातीला करायचं तर जांभरुण. वर सड्यावर कातळशिल्पं आहेत. ती बघायला माणसं गाडीने येतात आणि गाडीनेच जातात. तुम्ही सडा तुडवत कडेपर्यंत जा आणि पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) गावात उतरा. वर सगळं उघडं, तापलेलं, पायाखाली जांभ्याचा कातळ खरखरीत, वाऱ्याशिवाय आवाज नाही. पाखाडीला लागलात की पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या, कडेला पोफळींच्या बुंध्याशी पाटाचं पाणी खळखळतंय, आणि घामाचा शर्ट एकदम गार लागायला लागतो. पाखाडीवर धावू नका. ओली असेल तर चालतानाही कडेच्या दगडांवरून चला, मधल्या झिजलेल्या भागावरून पाय सटकतो. त्यानंतर परत वर चढून दुसऱ्या अंगाला उतरलं की हवे तेवढे किलोमीटर भरतात.

चिरेबंदी

+१. सड्यांबद्दल थोडी भर. एकाच सड्यावर वर्षातून चार वेगवेगळे प्रदेश असतात. जूनचे पहिले पाऊस झाले की दीपकाडी फुलते, पांढरी. श्रावण-भाद्रपदात तेरडा, गेंद, सीतेची आसवं. तेव्हा पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो आणि कातळावर शेवाळ धरलेलं असतं, त्यामुळे लयीत चालणं विसरा. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, तिथून माघ संपेपर्यंत तुमचा हंगाम. त्याच्यापुढे वणवे आणि ऊन. मार्चमध्ये दहाच्या पुढे सड्यावर सावलीला एक करवंदीची जाळी मिळाली तरी नशीब.

शिल्पांसाठी चालायचं तर राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे. गावातून चढून सड्यावर जायचं. तिथे होकायंत्र जमिनीलगत ठेवलं की सुई भलतीकडे फिरते, कातळातल्या चुंबकत्वाचा प्रभाव. मनुष्याकृती कोरलेली आहे ती नेमकी त्याच जागी. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, म्हणून आता फाट्यांवर पाट्या दिसतात. कशेळीचा हत्ती बघायचा तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. डोक्यावर ऊन असताना कोरीव रेषांना सावली पडत नाही, आणि माणसं हत्तीच्या पोटावर उभी राहून ‘हत्ती कुठाय’ विचारतात.

भरतीवेळ

सड्यावाल्यांनी पुळण (वाळूचा किनारा) विसरून चालणार नाही. तुमच्या त्या बर्फाच्या सर्वांत जवळचं काही आपल्याकडे असेल तर ओहोटीची ओली, घट्ट वाळू. पाय रुतत नाही, गुडघ्यांना मार बसत नाही. गुहागरची पुळण सलग पाच-सहा किलोमीटर आहे, जाऊन-येऊन तुमचा कोटा पुरा. वर सुरूची झाडं आणि माड, मधे एकही खडक नाही. दापोलीकडे आंजर्ले-पाडले-आडे अशी रांग आहे, मग उटंबरचा डोंगर आणि पलीकडे केळशी.

पण भरती-ओहोटी बघितल्याशिवाय जायचं नाही. मोबाईलवर कोष्टकं मिळतात, तरी आमच्याकडचा जुना हिशोब पाठ करून ठेवा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीनला भरती. तिथून सव्वासहा तासांनी, सकाळी सव्वानऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. पुनवेला-अवसेला सव्वाअकरा. थोडं पुढेमागे होतं, पण चालणाऱ्याला पुरतं. शुक्ल असो की वद्य, हिशोब तोच.

म्हणजे सकाळी चालायचं तर तृतीया-चतुर्थी बेस. पुनवेचं उधाण पुढे एक-दोन दिवस राहतंच, त्यामुळे पाणी लांबवर मागे गेलेलं असतं आणि वाळूचा पट्टा रुंद मिळतो. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी, ते धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही.

दोन पुळणींच्या मधे डोंगराचं नाक समुद्रात आलेलं असतं. ओहोटीला खडकांवरून वळसा घालता येईल असं वाटतं. पलीकडे गेल्यावर पाणी भरलं तर मागे कडा आणि पुढे लाटा. हेदवीला बामणघळीजवळ उभं राहून बघा, भरतीचं पाणी कपारीत शिरून किती उंच उसळतं ते. नाकाला वळसा घालण्याऐवजी वरून वाट शोधा, बहुतेक ठिकाणी असते. आणि जून-जुलैत मच्छीमारसुद्धा होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा आपण खडकांवर शूरपणा दाखवायची गरज नाही.

तळाशीलवालो

आमच्या मालवणाक पण येवा. तोंडवळी-तळाशील चलान बघा. एका बाजूक दर्या, दुसऱ्या बाजूक गड नदीची खाडी, मधी माडांची वाडी. वाट चुकाक जागाच नाय. वाट इचारलास तर माणसा सांगतत, नाय इचारलास तर कुत्रे इचारतत.

एकटीच_चालते

कुत्र्यांवरून आठवलं. मी संगमेश्वर तालुक्यातली, गेली काही वर्षं जवळपासच्या वाड्यांमधून एकटीच चालते. बाईमाणसाने एकटीने जावं का, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहिते. वाट जिवंत असेल तर भीती कमी वाटते. जिथे शेण, गवताच्या भाऱ्यातून सांडलेल्या काड्या, बांगडीची काच दिसते ती वाट बायका रोज वापरतात. जिथे फक्त बाटल्या दिसतात तिथून मी परत फिरते.

प्रत्येक वाडीत ‘कुणाकडे आलात?’ विचारतात. शहरातल्यांना हा आगाऊपणा वाटतो. उत्तर द्या. मी सरळ सांगते, ‘चालायला आलेय, अमुक वाडीहून तमुक वाडीला चाललेय.’ एक तर पाणी मिळतं, आणि तुम्ही कुठल्या वाटेने गेलात हे चार माणसांना माहीत होतं. माझ्या मते फोनवर लोकेशन पाठवण्यापेक्षा याचा भरवसा जास्त, कारण घाटीत उतरलं की रेंज जातेच. एकदा मी उशिरा पोचले तर पुढच्या वाडीतली काकू बॅटरी घेऊन साकवापर्यंत आली होती. मागच्या वाडीतून तिला फोन गेला होता.

औषधपाणी

सडा म्हटलं की फुरसं, हा विषारी साप. वीतभर-हातभर लांबीचं, कातळाच्या रंगाचं, दगडाखाली नाहीतर गवताच्या मुळाशी बसलेलं. रत्नागिरी-देवगड पट्ट्यात भरपूर. जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट घाला, पळायचे जाळीदार बूट सड्यावर नकोत. बसायच्या आधी दगड काठीने हलवा. चावलं तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता सरळ दवाखाना गाठायचा. भारतात मिळणारी प्रतिसर्प लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालते. आपल्या वाटेजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं आणि तिथे लस आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. ‘दुपारपर्यंत बघू’ हा प्रकार फुरशाला चालत नाही. वेदना कमी वाटली तरी गाफील राहू नका, रक्त गोठण्याचा बिघाड मागून दिसतो.

विंचूही आहेत. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुळवला, त्यामुळे आता त्याची धास्ती पूर्वीसारखी नाही. तरी रात्री बूट तंबूबाहेर ठेवू नका.

आंबेकरीण

इथपर्यंत वाचलं. आता आमच्या बाजूनेही कोणीतरी लिहायला हवं.

आमची बाग ज्या सड्याच्या उतारावर आहे तिथून जुनी वाट जाते. गावातली माणसं, गुरं, पालखी, सगळं त्याच वाटेने जातं, कधी अडवलं नाही. मागे कोणीतरी त्या वाटेचा जीपीएक्स (फोनवर वाट दाखवणारी नकाशाची फाईल) इंटरनेटवर टाकला. पुढच्या रविवारी पंधरा-वीस मोटरसायकली. एकाने बेडं उघडं टाकलं, गुरांनी नवीन कलमं खाल्ली. डिसेंबर-जानेवारीत मोहरावर फवारणी चालू असते, तेव्हा लोक त्या औषधाच्या धुरळ्यातून फोटो काढत जातात. उद्या कोणाला चक्कर आली तर आम्ही जबाबदार. वाटा शोधा, चाला, जरूर चाला. पण ‘लपलेला स्वर्ग’ म्हणून नकाशासकट टाकू नका एवढीच विनंती.

वेगवान_कासव

म्हणजे वाटा फक्त गाववाल्यांसाठी? रस्ता सार्वजनिक असेल तर सगळ्यांचा. माहिती लपवल्याने काय साधतं? उलट लोक चालले नाहीत म्हणूनच वाटा बुजल्या.

आंबेकरीण

चालणाऱ्यांनी बेडं उघडं टाकलेलं अजून बघितलं नाही. मी मोटरसायकलींबद्दल लिहिलंय.

वहिवाटदार

तहसीलच्या आवारात आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द. वाट ‘सार्वजनिक’ आहे असं सरसकट म्हणता येत नाही. गावनकाशावर दाखवलेली वाट ही एक गोष्ट. बांधावरून शेतात जायचा हक्क वेगळा, तो महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार ठरवतात. असलेली वहिवाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, आणि तो दावा अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. हे दोन्ही शेतकऱ्याच्या उपयोगाचे आहेत, हौशी चालणाऱ्याच्या नव्हेत. मोकळा दिसणारा सडासुद्धा बहुतेक वेळा खाजगी असतो. सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत.

धागाकर्ते, नॉर्वेत हा प्रश्न कसा सोडवलाय?

उत्तरेचा_वारा

तिथे १९५७ चा कायदा आहे. लागवडीखाली नसलेल्या जमिनीवर, मालक कोणीही असो, कोणालाही पायी किंवा स्कीवर जाता येतं. पिकाच्या शेतात मात्र नाही, ते बर्फाने झाकलेलं किंवा गोठलेलं असेल तेवढ्याच काळात. घराजवळ तंबू ठोकायचा नाही, दीडशे मीटर लांब राहायचं. आणि मोटारगाड्यांना हा हक्क नाही, तो वेगळा आणि बराच कडक कायदा आहे. त्यामुळे आंबेकरीणताईंची तक्रार तिथल्या शेतकऱ्यालाही पटेल. वाटा रंगवायचं आणि नीट ठेवायचं काम बरंचसं स्वयंसेवक करतात, डोंगरातल्या खुणा तिथल्या ट्रेकिंग संघटनेच्या, १८६८ पासूनची संघटना आहे. म्हणजे निव्वळ कायद्याने भागत नाही, दरवर्षी कोणीतरी कुऱ्हाड आणि रंगाचा डबा घेऊन जातं.

जीपीएक्सच्या बाबतीत मी ताईंच्या बाजूचा. मला वाट हवी आहे, तिची जाहिरात नको. मात्र कासवरावांचं शेवटचं वाक्यही खोटं नाही.

सड्यावरचा

मधला मार्ग आम्ही काढलाय तो सांगतो. फाईल खुल्या जागी टाकायची नाही, पण ज्याने विचारलं त्याला पाठवायची, आणि सोबत वाटेवरच्या एका माणसाचं नाव द्यायचं, त्याला विचारूनच. फोन करा, मग जा. मोटरसायकलवाल्यांना फोन करायचा कंटाळा असतो, निम्मे तिथेच गळतात. दिवाळीनंतर दोन रविवार कोयता घेऊन जातो, घाणेरी आणि रानमोडी छाटतो. गावातली दोन-चार पोरं येतात. चहा गावाकडून.

वेगवान_कासव

हे चालेल. छाटणीला मीही येतो, फक्त सकाळी सहाला बोलावू नका.

भरतीवेळ

पुळणीवाल्यांसाठी एक राहिलंच. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात, वेळासच नव्हे, आंजर्ले, गुहागर, आणखीही किनारे आहेत. रात्री विजेऱ्या घेऊन पुळणीवर चालू नका. जाळीचं कुंपण दिसलं तर लांबून जा. (वेगवान कासवांना सूट नाही.)

उत्तरेचा_वारा

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. ठरवतोय ते असं: येत्या रविवारी जांभरुणचा सडा आणि पाखाडी. संकष्टीच्या सकाळी गुहागर, साडेसातला सुरुवात करून ओहोटीबरोबर खाली आणि पाणी भरायच्या आत परत. सड्यावरचा, मानकऱ्यांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? आंबेकरीणताई, तुमच्या सड्यावर यायचं असेल तर कधी यावं?

सड्यावरचा

त्यांना विचारून पाठवतो. रविवारी मीही येतो, निवळी फाट्यावर सातला. पाणी दोन लिटर घ्या, वर विहीर नाही.

आंबेकरीण

फवारणी झाल्यावर आठवडाभर नको. पुढची केव्हा ते व्यनि करते. गाडी देवळापाशी लावा, तिथून चालत या. बेड्याचे वासे काढलेत तर तसेच परत सरकवायचे, सगळ्यात खालचासुद्धा. गुरं त्याच्याखालून शिरतात.

खादाडखाऊ

निवळी फाट्यावर सकाळी सातला मिसळ मिळेल का?

सड्यावरचा

त्याला वेगळा धागा काढा.